पेटीतली पाचवी वस्तू

गेल्या वर्षी सोलापुरातून, आमच्या घराच्या मागच्या खोलीतून, अमेरिकेला चार डबे गेले. डबे म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे, राखाडी रंगाचे, यंत्रमागाच्या बाजूला स्क्रूने बसवायचे. माग चालू असताना हा डबा त्याचा आवाज ऐकत राहतो आणि कुठला भाग किती दिवसांत मोडणार ते आधीच सांगतो. बनवला माझ्या पुतणीने. त्याला ऐकायला शिकवलं माझ्या यजमानांनी, आणि शिकवणं संपलं त्या महिन्यात ते गेले.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पुढचं सोपं आहे.

यजमान टॉवेलच्या कारखान्यांतले माग दुरुस्त करायचे. मागावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, "हे बेअरिंग आठ दिवस" एवढं सांगायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. आठव्या नाहीतर नवव्या दिवशी त्यांना बोलावणं यायचं. पुतणी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. काकांच्या आजारपणात तिने बिनपगारी रजा घेतली आणि त्यांना रिक्षात बसवून कारखान्या-कारखान्यांतून फिरवलं. ती मागाचा आवाज नोंदवायची, ते त्या आवाजाचा अर्थ सांगायचे. मी घरी पुस्तक वाचत त्या दोघांची वाट बघायचे. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. गडबडीच्या जागी मला नेण्यात अर्थ नाही हे दोघांनाही माहीत होतं.

डबा तयार झाला, पण सोलापुरात कुणी घेईना. कारखानदार कौतुक करायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "लई भारी हाय, ताई. पण आमच्याकडं मेस्त्री हाय की." तिची रजा दसऱ्यानंतरच्या सोमवारी संपणार होती. तोवर एक तरी गिऱ्हाईक ठरलं नाही तर ती पुण्याला परत जाणार, मागच्या खोलीला कुलूप लागणार आणि काकांनी सांगितलेलं सगळं तिच्या संगणकात पडून राहणार. हे ती कधी बोलून दाखवत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या सोमवारभोवती तिने पेन्सिलीने गोल केला होता, एवढंच.

मग तिच्या एका मैत्रिणीने अमेरिकेतल्या एका गृहस्थांशी गाठ घालून दिली. मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या मोडनिंबचे. बाहेरच्या देशांतल्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांना अमेरिकेच्या बाजारात शिरायला मदत करणं हाच त्यांचा धंदा. आमच्याशी ते संध्याकाळी सातला, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओवर बोलायचे. अंगात कोट असायचा, पण भाषा जशी निघाली तशीच राहिली होती.

"हितं मेस्त्री म्हातारे झाले," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "नवी पोरं मागाजवळ थांबत न्हाईत. ऐकणारं कुणी उरलं न्हाय. तुमचा डबा आधी हितंच चालंल, मग तितले सोलापूरचे कारखानदार धावत येत्याल. पत्र कोण लिव्हणार?"

पुतणीने माझ्याकडे बोट केलं. मी आयुष्यभर इंग्रजी पुस्तकं वाचली, म्हणून मला इंग्रजी पत्र लिहिता येतं असा घरात समज होता. मी आठवडाभर खपून साडेतीन पानं लिहिली. सुरुवात सोलापूरच्या विणकामाच्या परंपरेपासून केली. आदर, कृतज्ञता, नम्रता हे सगळं जिथल्या तिथे ठेवलं.

त्यांनी ते पत्र पडद्यावर आमच्यासमोरच वाचलं. बराच वेळ लागला.

"काकू, डबा कुठल्या पानावर येतो?"

"तिसऱ्या."

"तवर तो माणूस निवृत्त व्हतोय की. आन् सूर बघा. तुमच्याकडं कुणी वारलंय आन् तुमी कळवताय, असं वाटतंय."

पुतणी एकदम टेबलावरच्या वायरी गुंडाळायला लागली. मी म्हणाले, "बरोबर आहे. कमी करते."

तिने नंतर त्यांना खरं काय ते कळवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते हात जोडूनच पडद्यावर आले. आवाज खाली, मान खाली, दर वाक्यात "काकू, माफी असावी." पाच मिनिटांत मला ते असह्य झालं. मी त्यांना सांगितलं, "वर्षभर सगळे माझ्याशी असंच बोलतात. तुम्ही कालच्यासारखं बोला."

त्यांनी पत्र परत उघडलं. "मग काकू, हे 'नम्र विनंती' काय हाय? तीन ठिकाणी हाय. आपण डबा इकतोय, वर्गणी मागत न्हाय."

चार ओळी उरल्या. डबा काय करतो. किती दिवस आधी सांगतो. तुमचे सर्वांत जुने चार माग द्या. चुकला तर परत पाठवा. सोलापूरची परंपरा एका शब्दानेही उरली नाही. अशी पत्रं आम्ही पुष्कळ कारखान्यांना पाठवली आणि एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. तिथल्या टॉवेलच्या कारखान्यातल्या दुरुस्ती विभागाच्या प्रमुख बाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: चार डबे पाठवा, दोन आठवडे बघते.

इथे माझी धाकटी जाऊ, म्हणजे पुतणीची आई, या गोष्टीत येते. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. नवी मोटरसायकल, नवा मिक्सर, नातवंडांच्या नव्या वह्या, काहीही घरात आलं की तिची तीन बोटं विभूतीत जातात आणि त्या वस्तूवर तीन आडव्या रेघा उमटतात. डबे अमेरिकेला निघालेत म्हटल्यावर तिला पेटीत नारळ ठेवायचा होता.

"अव्वा, तिकडं धान्य, फळ, माती काही चालत नाही," पुतणीने आईला समजावलं. "यादी दिलीय. चारच वस्तू. डबे, वायरी, स्क्रू आणि माहितीपत्रक."

"बरं. नारळ नको," जाऊ म्हणाली.

तिला इतकी वर्षं ओळखणाऱ्या बाईने, म्हणजे मी, एवढ्या मुकाट्याने आलेल्या "बरं" वर विश्वास ठेवायला नको होता. पण मी माहितीपत्रकातल्या चुका तपासत होते.

पेटी विमानाने गेली आणि आठव्या दिवशी पत्र आलं. अमेरिकेतल्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी पेटी अडवली होती. यादीत नसलेली पाचवी वस्तू सापडली: कापडात बांधलेली पांढरी पूड. सोबत पिवळं केलेलं धान्य, मूठभर. खुलासा करावा.

पुतणीने पत्र दोनदा वाचलं आणि आईकडे पाहिलं. जाऊ भाजी निवडत होती.

"नारळ ठेवला नाही मी," ती म्हणाली. "तुझं ऐकलं."

संध्याकाळी सातला आम्ही तिघी पडद्यासमोर बसलो.

"पूड कसली?" मोडनिंबच्या गृहस्थांनी विचारलं.

"विभूती."

"आन् ती कशाची करत्यात? मी इसरलो बगा."

"शेणाची," मागून जाऊ म्हणाली. "गोवऱ्या जाळून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "जर्मनीचे आले, कोरियाचे आले, इस्राएलचे आले. सगळ्यांचं काय ना काय आडकलं. पण शेण कुणी आणलं न्हवतं."

"त्यांच्याकडं चांगलं मिळत नसंल," जाऊ म्हणाली.

पुतणी हसली नाही. कॅलेंडरातल्या गोलापर्यंत सव्वीस दिवस उरले होते आणि त्यातले चौदा तर चाचणीचेच. तिने हळूच विचारलं, पॉलिशची पूड आहे असं लिहिलं तर?

"खोटं लिव्हू नका. येडेपणा माफ करत्यात हितं, खोटं न्हाय. खरं काय ते लिव्हा. आन् काकू, चार ओळीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलाशाचा फॉर्म उघडला. एकेक प्रश्न मी मराठीत सांगत होते आणि जाऊ खुर्चीत ताठ बसून साक्षीदारासारखी उत्तरं देत होती.

"पदार्थ?"

"विभूती."

मी लिहिलं, राख.

"मूळ जनावर?"

"गाय. माझ्या माहेरची. तांबडी."

लिहिलं.

"जनावराची प्रकृती?"

"तिला काय झालंय? दोन वेळचं दूध देते."

मी लिहिलं, उत्तम. तेवढ्यात शेजारून कसलासा आवाज आला. पुतणी टेबलावर डोकं ठेवून हलत होती. मला वाटलं, रडू आवरत नाही तिला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, ती हसतेय. मग जाऊ हसायला लागली, का हसतोय ते न विचारताच. आणि मग मी. मी चष्मा काढून कुठेतरी ठेवला आणि तो मला सापडेना, आणि तो सापडत नाही याचंही हसू यायला लागलं. शेजारच्या बाई खिडकीतून डोकावल्या. आमच्या घरात असं वाजलेलं त्यांनी वर्षभर ऐकलं नव्हतं. काहीतरी वाईट झालंय असंच त्यांना वाटलं असणार, कारण त्या पाणी घेऊन आल्या.

एक प्रश्न उरला होता. वापर?

"हे तुम्ही लिहा, अक्का," जाऊ म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या."

त्या एका ओळीला मला दुपार लागली. पूजा, श्रद्धा, परंपरा असे शब्द लिहिले आणि खोडले. यजमान रोज सकाळी कपाळावर तीन बोटं ओढून कामाला जायचे. का, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. शेवटी लिहिलं: "कपाळाला लावण्यासाठी, कामाला निघण्यापूर्वी. या खेपेला यंत्राच्या वतीने. परत पाठवण्याची गरज नाही."

पाच दिवसांनी उत्तर आलं. धान्य आणि पूड जप्त करून जाळण्यात आली. बाकी माल सोडला.

"राख जाळली?" जाऊने विचारलं. "मग काय उरलं?"

"राख," पुतणी म्हणाली.

"म्हणजे राहिली की तिकडंच," जाऊ म्हणाली आणि समाधानाने उठून गेली.

डबे मागांवर बसले तेव्हा कॅलेंडरातल्या गोलाला अठरा दिवस होते. त्यातले चौदा आम्ही कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. पुतणी दर तासाला ईमेल बघायची. जाऊने दर दिवशी नवा गोड पदार्थ केला आणि आम्ही तो न बोलता खाल्ला.

खंडेनवमीच्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मागच्या खोलीत जाऊने पक्कड, सोल्डरिंग गन, पुतणीचा लॅपटॉप आणि यजमानांचे जुने पाने पाटावर मांडले होते. सातला कारखान्याच्या बाई व्हिडिओवर आल्या. पांढरे केस, मोठा आवाज. डावा कान मागांनी खाल्लाय, म्हणून उजव्या बाजूने बोला, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. व्हिडिओत उजवी बाजू कुठली ते आम्हाला कळेना, म्हणून आम्ही तिघी एका कडेला सरकून बसलो.

"तिसऱ्या मागाचं बेअरिंग तुमच्या डब्याने अकरा दिवस आधी सांगितलं," त्या म्हणाल्या. "मीही हात ठेवून पाहिला. मला ते दोन दिवसांनी कळलं. याला कोणी शिकवलं?"

"माझ्या काकांनी," पुतणी म्हणाली.

"मला त्यांच्याशी बोलायचंय."

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलले. ते गेल्या वर्षी वारले, मी त्यांची पत्नी. एवढंच, दोन छोटी वाक्यं, मोडनिंबच्या गृहस्थांना आवडली असती अशी.

बाई म्हणाल्या, "ते माझ्याआधी दोन दिवस ऐकायचे. मला बाकीच्या मागांवरही ते हवेत." आणि मग, "एक विचारायचं होतं. चारही डब्यांच्या झाकणांना आतून बोटांच्या तीन करड्या रेघा आहेत. त्या पुसायच्या का?"

आम्ही दोघी जाऊकडे वळलो. विमानतळावर पूड सापडली होती, रेघा कुणाला दिसल्या नव्हत्या.

"काय म्हणते ती?" जाऊने विचारलं.

"पुसू का, विचारते."

"नको म्हणावं."

सोमवारी पुतणी पुण्याला गेली, नोकरीचा राजीनामा द्यायला आणि तिथली भाड्याची खोली रिकामी करायला, आणि दोन दिवसांत सामान घेऊन परत आली. आता पुढच्या पेट्या भरताना यादीत चारच वस्तू असतात, आणि पेटीला खिळे ठोकेपर्यंत तिथून कुणी हलत नाही. जाऊला फक्त झाकणं मिळतात. माहितीपत्रकात मी एक कलम वाढवलं. ते तीन आठवडे लिहिलं, आणि मोडनिंबच्या गृहस्थांनी त्यातला एकही शब्द कापला नाही: "झाकणाच्या आतल्या बाजूला तीन रेघा असतील. त्या पुसू नयेत. पुसल्या तरी यंत्र चालेल."