दुनळीच्या लॉकवरचं कुंकू

माझ्या नवऱ्याला घरात झुरळ दिसलं तरी तो मला हाक मारतो, आणि दिवसभर बसतो बंदुका खोलून. पुण्याहून इथे परदेशात मास्टर्स करायला आला, शिकताना बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गनस्मिथकडे पार्टटाइम लागला, तो तिथलाच झाला. आमच्या गिरावीन उपनगरातल्या मराठी ग्रुपमध्ये सगळे आयटीवाले. कोणी विचारलं की मी आपली "यतीन मशीन रिपेअर करतो" म्हणून मोकळी होते.

एका ऑक्टोबरात मॉरीन नावाची सत्तरीची बाई ब्लँकेटात गुंडाळलेली जुनी दुनळी बंदूक घेऊन त्याच्याकडे आली. "ही आपोआप उडू शकते का, एवढंच सांग," म्हणाली.

एकाहत्तरच्या जानेवारीत याच बंदुकीने तिचे वडील गेले होते. तिचा भाऊ कॉलिन तेव्हा एकोणीसचा. त्याचं म्हणणं, घोडा अर्धा ओढून खाचेत अडकवला होता, म्हणजे बंदूक सेफ होती. कुंपणाला टेकवलेली ती घसरली आणि बार उडाला. पण त्याच सकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालेलं. पोलिसांनी अपघात लिहिला, घरात कोणी मानला नाही. मॉरीननेही नाही. दोन-तीन महिन्यांत तो फार्म सोडून दूर उत्तरेला टाउन्सव्हिलला गेला, तो परत आलाच नाही. आता तिथे हॉस्पिसमध्ये शेवटचे दिवस मोजत होता.

"तो खरं बोलला असेल तर मला जायचंय," मॉरीन म्हणाली. "नसेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही."

यतीनने नळ्यांखालचे शिक्के वाचले. बंदूक बर्मिंगहॅमची, शंभरावर वर्षं जुनी. मग रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्धा ओढून त्याने तिला लाकडी हातोडीने ठोकून बघितलं. परत परत ठोकलं. घोडा जागचा हलला नाही.

"खाच ठणठणीत आहे गं," घरी येऊन म्हणाला. "ही आपोआप उडूच शकत नाही."

जेवला नाही. मी कुकरचं झाकण ठेवलं तरी दचकत होता. खरं सांगते, मलाही भीती वाटायला लागली. न पाहिलेला तो बाप कुंपणापाशी पडलेला दिसायचा, आणि लेक तिकडे हॉस्पिसमधल्या खाटेवर. शनिवारी मॉरीन उत्तर न्यायला येणार होती, आणि यतीन कॉलिनला खोटा ठरवणार होता.

त्या शनिवारी खंडेनवमी होती. मी दुकानात जाऊन हातोड्या, पकडी, सगळ्यांना हळद-कुंकू लावत सुटले. टेबलावर त्या बंदुकीचं लॉक, म्हणजे घोडा सोडणारी कळ, उघडून पडलं होतं. त्यालाही लावलं.

"अगं, गिऱ्हाइकाचं आहे ते, गंजेल ना," यतीन खेकसला आणि फडक्याने पुसायला लागला.

कुंकू निघालं. पण लॉकच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, बारीक ओरखड्यांत, लाल राहिलं. आर. एच., आणि पुढे ३-७१.

यतीनने फडकं बाजूला टाकलं. दुरुस्ती करणारे आपली आद्याक्षरं आणि तारीख अशी आत कोरून ठेवतात. त्याने भिंग लावलं. खाचेचा तुकडा बाकी लॉकपेक्षा नवा होता. जानेवारीत वडील गेले आणि मार्चमध्ये कोणीतरी झिजलेली खाच बदलून घेतली होती. म्हणजे कॉलिन खरं बोलत होता.

मॉरीन आली. ऐकून पांढरीफटक पडली. वडलांनंतर बंदूक तिच्या आईच्याच ताब्यात होती. "म्हणजे मम्‌ला माहीत होतं. तरी तिने त्याला जाऊ दिलं."

मला तिच्या त्या मेलेल्या आईचा असा संताप आला म्हणून सांगू.

मॉरीनने तिथूनच फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. नर्सने कॉलिनच्या कानाशी धरला.

"कॉलिन, मम्‌ने बंदूक गुपचूप दुरुस्त करून घेतली होती. तिला माहीत होतं."

पलीकडून खोल गेलेला आवाज आला.

"मम्‌ने नाही, मो. मीच नेली होती."

"तू? अरे, ती तशीच राहू दिली असतीस तर कधीतरी तुझं म्हणणं पटलं असतं ना."

"मी तर जाणारच होतो," तो म्हणाला. "मी गेल्यावर फार्मवर कोल्हे मारायला ती तुलाच उचलावी लागणार होती."