मागच्या चाकाखालचा डाग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कवठे येमाईच्या घरी एक जुनी मोटार होती. माझ्या वडिलांकडून आलेली, चौकोनी, करड्या रंगाची. ती मीच चालवायचे, कारण घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. नवऱ्याचा भरवसा स्कूटरवर आणि सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, बैलांवर. बैल विकून बरीच वर्षं झाली होती. भरवसा तेवढा राहिला होता.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी आबांना दौंडला न्यायचं होतं. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकला होता, की दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता लांबवलंत तर हाही हातचा जाईल. आबांनी आधी लांबवलंच होतं. एकदा कांदालागणीचं निमित्त, एकदा भाचीचं लग्न. ऑपरेशननंतर धूळ नको, धक्के नकोत, त्यामुळे एसटीचा विचारच नव्हता. गाडी हवी होती. आणि गाडी गळत होती.

इंजिनाखालचा काळा डाग मला आदल्या आठवड्यात दिसला. शिरूरला गॅरेजवाल्याकडे गेले, तर त्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. "ताई, हंगाम हाय. ठिवून जा, बघू फुडल्या आठवड्यात." ठेवून आले असते तर तो सोमवार गेला असता, आणि एक सोमवार गेला की आबांना तिसरं निमित्त सापडलं असतं. म्हटलं, घरीच करू. लहानपणी वडील गाडीखाली शिरायचे तेव्हा पाने द्यायला मीच असायचे. थोडंफार हाताला माहीत होतं.

धाकटा दीर रांजणगावच्या कारखान्यात होता. त्याने बॉनेट उघडून एक नजर टाकली.

"वहिनी, टॅपेट कव्हरचं पॅकिंग लीक मारतंय. रिप्लेस करा, हंड्रेड पर्सेंट प्रॉब्लेम सॉल्व्ह."

"मग करून द्या की."

"माझी सेकंड शिफ्ट हाय," म्हणाला आणि गेला.

मी शिरूरहून बुचाचं पॅकिंग आणि ऑइलचा डबा आणला. अंगणात गाडी लावली, इंजिनावरचं ते कव्हर खोललं. जुनं पॅकिंग वाळून त्याचे बिस्किटासारखे तुकडे पडत होते. ते खरवडताना माझी बोटं सोलली. काळं तेल घमेल्यात काढलं, नवं पॅकिंग बसवलं, नवं तेल भरलं. नवं तेल मधासारखं दिसतं, हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्या रंगाने झाला.

आबा शेजारी बाजेवर बसलेले. गुडघ्यांना एरंडेल चोळत माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होते.

"गळतंय का आजून?"

"गळतंय आबा. तेल सगळं खाली चाललंय."

"मग कोरडी पडंल की गाडी."

"पडेलच."

"कोरडी गाडी वाटंला लावू न्हाई, पोरी."

"म्हणून तर करतेय ना!" मी जरा तडकूनच बोलले. त्या आठवड्यात हा संवाद आमच्यात रोज झाला. सकाळी मी गाडीखाली बघून ओरडायचे, आणि बाजेवरून तोच प्रश्न यायचा.

पॅकिंग बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी, थेंब कळावा म्हणून इंजिनाखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा होता. मी खूश झाले. मग मागे गेले, तर मागच्या डाव्या चाकाखाली मधाच्या रंगाचा ओला डाग.

इंजिन पुढे. तेल मागे.

नवऱ्याला बोलावलं. ते शाळेत गणित शिकवायचे.

"अहो, तेल पुढून मागे कसं येईल?"

"अंगणाला उतार असेल."

"उतार पुढच्या बाजूला आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मग वाऱ्याने," म्हणाले आणि दाढी करायला गेले.

मी ऑइलची दांडी काढून पाहिली. पातळी जिथल्या तिथे. पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली, तरी तेवढीच. म्हणजे गाडीतलं तेल कमी होत नव्हतं आणि जमिनीवरचं वाढत होतं. गाडीखाली निजून मी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचे सगळे नट आवळले, रॉकेलच्या बोळ्याने पुढपासून मागपर्यंत सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी डाग होताच.

मग वाटलं, जमिनीचंच काही असेल. गाडी बाहेर काढली, तोंड उलट्या बाजूला करून पुन्हा तिथेच लावली. आता डाग पडला मागच्या उजव्या चाकाखाली. गाडी वळली तसा डागही वळला. आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असलेलं चाक गळायला लागलं आणि गळणारं चाक कोरडं झालं. असलं दुखणं मी गाडीतच काय, माणसातसुद्धा पाहिलं नव्हतं. दिराला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, असं होऊच शकत नाय." तेवढं मलाही कळत होतं.

रविवारी गाडी रस्त्यापर्यंत चालवून बघायचं ठरवलं. फाटकाशी ब्रेक दाबला आणि गाडी तिरकी होऊन सरळ कडब्याच्या गंजीत घुसली. लागलं कुणाला नाही. दोन कोंबड्या ओरडत उडाल्या आणि नवरा अर्ध्या दाढीने बाहेर आला.

"झालं," ते म्हणाले. "उद्याचं रद्द करून टाकू. पुढची तारीख घेऊ."

आबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला झोंबलं. निमित्त आयतं मिळालं म्हणून गप्प आहेत, असं मी धरून चालले.

"पुढची तारीख नाही," मी म्हटलं आणि जॅक लावला.

चाक काढलं, ड्रम ठोकून ठोकून सैल केला. आत ब्रेकचे लायनर तेलाने न्हाले होते. ब्रेकचं ऑइल म्हणावं तर त्याचीही डबी भरलेली. मी बोट बुडवून पाहिलं. दाट, चिकट. मग नाकाशी नेलं.

तो वास ओळखायला गॅरेजवाला लागत नाही. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाला महिन्याच्या महिन्याला नाक दाबून तो पाजलेला आहे. एरंडेल! इतके दिवस माझ्या हाताला रॉकेल, पेट्रोल, ऑइल असे सगळे वास, आणि आबांच्या अंगाला तर तो कायमच, त्यामुळे अंगणात तो येतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी बाजेकडे वळले. ती गाडीच्या कडेने लांबोडी टाकलेली, त्यामुळे गाडी कुठल्याही बाजूला तोंड करून लावा, तिचं एक मागचं चाक बाजेपासून हातभर अंतरावर यायचं.

"आबा, चाकात एरंडेल घातलंत?"

"व्हय."

"कशाला?"

"आता गं! तू रोज म्हनतीस, गळतंय, गळतंय. जेवढं गळायचं तेवढं मी घालीत हुतो."

"कुठं घातलंत?"

"आसावर. दिसत न्हाई, पर हात जातोय की." त्यांनी हवेतच दाखवलं. आधी चाकाच्या मधोमध, मग हात वळवून चाकाच्या मागे. बैलगाडीच्या खाली नळक्यात वंगण टांगलेलं असायचं, आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला निघायच्या आधी आबा असंच चाचपून ते आसाला लावायचे. सगळी उमर त्यांनी तेच केलं होतं. "कोरड्या आसाची गाडी निम्म्या वाटंत बसती. दौंड का जवळ हाय?"

नवरा हसायला लागला. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते उरलेली दाढी करायला आत गेले.

"आबा, म्हणजे तुम्हाला दौंडला जायचंय?"

"जायचंय म्हून तर वंगण घातलं. न जायाच्या गाडीला कोन तेल घालतंय?"

आठवडाभर मी एका माणसाला पळपुटा समजून त्याच्यासाठी गाडी दुरुस्त करत होते, आणि तो माझ्यापाठोपाठ ती बिघडवत होता. दोघांनाही सोमवारच गाठायचा होता.

दुपारभर बसून दोन्ही ड्रम पेट्रोलने धुतले, लायनर पॉलिश पेपरने घासले, उन्हात वाळवले. संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन ब्रेक मारून बघितले. गाडी सरळ थांबली. एरंडेलाची बाटली मी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सोमवारी पहाटे निघालो. आबा धुतलेलं धोतर नेसून पुढे बसले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे सारखं थांबावं लागत होतं, आणि मी प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय जरा लवकरच ठेवत होते. न्हावऱ्याच्या फाट्यावर आबांनी एकदाच विचारलं, "कोरडी न्हाई ना पडली?"

"नाही."

"मग चालंल."

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, काळा चष्मा मिळाला, आणि आबांना घेऊन मी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजेवर बसून गाडीकडे बघत होते.

"एवढुशी हाय व्हय? बसल्यावर मोठी वाटली."

मी धुणं वाळत घालत होते. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली.

"पोरी, फुडं गळतंय बघ. इंजनाखाली."

मी जाऊन वाकले. काही दिसेना. गुडघे टेकून मान खाली घातली, तेव्हा दिसला. हरभऱ्याएवढा एक थेंब नटाला लोंबत होता. नवं पॅकिंग, नवं तेल, सगळे नट आवळलेले, आणि तरी हा कुठून येत होता ते मला गाडी विकेपर्यंत कळलं नाही. मी पदराने हात पुसत उठले. आबा बाजेवरून हलले नव्हते.

"दिसला न्हवं?" ते म्हणाले. "बाटली कुठं ठिवलीस?"