माईंच्या केसांची शाई

"जोर नको," बाई म्हणायच्या आणि दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवायच्या. "शाई घोटायचीय. वाटण नाही वाटायचं."

काळ्या दगडाच्या खोलगट पाटीवर थोडं पाणी घ्यायचं आणि त्यावर शाईची कांडी उभी धरून गोल फिरवत राहायचं. पाणी हळूहळू दाट होत जातं. इतक्या वेळात आमच्या करी रोडच्या घरी माझी आई मसाला वाटून भाकऱ्यांना बसलेली असते. पहिल्या दिवशी मला वाटलं, या माझी परीक्षा घेतायत.

मी बाईंकडे गेले ती कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. कुठल्या कामाला नाही म्हणायचं हे मला कळत नव्हतं, त्यामुळे मथळे रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुणीतरी सांगितलं, गिरगावात चित्रकलेच्या एक निवृत्त बाई आहेत, त्यांचा ब्रशवर हात आहे. मथळ्यांपुरती गेले आणि मग जातच राहिले.

बाई चिनी पद्धतीने शाईची चित्रं काढायच्या. लहानपणी त्यांचे वडील दातांच्या ज्या चिनी डॉक्टरकडे कवळी करायला जायचे, त्याच्या बायकोने त्यांना हे शिकवलं होतं. पण बाईंच्या चित्रांत बांबू नसायचा. "बांबू मी पाहिलाय कुठे? मांडवाचा तेवढा," म्हणायच्या. त्या हलवा मासा काढायच्या, बोंबील काढायच्या, गॅलरीत वाळत घातलेली लुगडी काढायच्या.

त्यांच्याकडे शाईच्या दोन कांड्या होत्या. दोन्ही काजळीच्याच, पण काजळी वेगळी. एक तेलाच्या दिव्याची: दिव्यावर वाडगं पालथं धरून जमलेली काजळी कातड्यापासून केलेल्या सरसात मळायची. दुसरी पाइनचं लाकूड जाळून धरलेली. मला सुरुवातीला दोन्ही काळ्याच दिसायच्या. बाईंनी एकाच कागदावर दोन फटकारे मारून कागद उजेडात तिरका धरला. तेलाचा काळा चमकला. पाइनचा तसाच राहिला, कोरडा, किंचित निळसर.

"हलव्याला तेलाची," त्या म्हणाल्या. "ओला दिसला पाहिजे. केसांना मात्र पाइनची. केस चमकवले की चित्रातली बाई नाटकातली वाटायला लागते."

घरात दोघीच. थोरल्या बहिणीला सगळी चाळ माई म्हणायची, बाईही माईच म्हणायच्या. माई त्यांना बेबी म्हणायच्या. बेबी सत्तरीला टेकली होती. माईंना शाईतल्या सरसाचा वास सोसायचा नाही. "चपलांच्या दुकानात राहतेय मी," असं म्हणत त्या खिडकी उघडायच्या. हलव्याचं चित्र पाहून म्हणायच्या, "काढतेस एवढे, एकदा तरी त्याला मीठ-हळद लावता आली का?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "तू लाव. मी कागद देते."

तुमच्याही ओळखीत अशा बहिणी असतील. दिवसभर एकमेकींना टोचणाऱ्या, आणि एक बाजारातून यायला उशीर झाला की दुसरी जिन्याशी येऊन उभी.

मग बाईंच्या छातीत गाठ निघाली. परळला ऑपरेशन झालं. त्यानंतर उजवा हात सुजू लागला. मनगटाची घडी दिसेनाशी झाली, बांगडी सोनाराकडून कापून काढावी लागली. डॉक्टरांनी त्या हाताला ताण द्यायचा नाही असं सांगितलं. शाई मी घोटायची, त्यांनी थोडा वेळ ब्रश धरायचा, असं ठरलं.

एका दुपारी माई न्हाऊन आल्या. केस मोकळे सोडून गॅलरीच्या दारात बसल्या आणि म्हणाल्या, "बेबी, माझं चित्र काढतेस का?"

बाईंनी मला दगड धुवायला सांगितला. माई चहा टाकायला उठल्यावर हळूच म्हणाल्या, "जन्मभर मागे लागले, बस म्हणून. नाही बसली. आज स्वतःहून बसतेय." पाइनची कांडी माझ्या हातात दिली. "डॉक्टरांनी तिला परवा बाहेर बोलावलं होतं. काय सांगितलं असेल ते कळलं मला."

मी घोटत राहिले.

पाइनच्या कांडीचा नखाएवढा तुकडा उरला होता, आणि तशी दुसरी इथे कुठे मिळत नव्हती. चिमटीत धरता येईना, तरी मी तो पूर्ण घोटला. माईंचे केस निम्मे काळे होते. पांढऱ्या केसांच्या जागी बाई कागद कोरा सोडायच्या आणि काळे एकेक ओढायच्या. चार-दोन रेघा झाल्या की हात खाली ठेवावा लागे. एका दुपारचं काम दिवसचे दिवस चाललं. दगडातली शाई आम्ही झाकून ठेवायचो आणि रोज थेंबभर पाणी घालायचो. माई मात्र न कंटाळता येऊन बसायच्या. "नाक नीट काढ हं. बाबांसारखं नको." आणि चित्र देव्हाऱ्याशेजारी लावायचं की पलंगासमोर, यावर रोज नवीन मत द्यायच्या.

शेवटी शेवटी शाईला वास सुटला. रेघेच्या कडेला बारीक रवा दिसायला लागला.

"शिळी झाली," बाई म्हणाल्या. "यातला सरस मेला. दिसायला छान दिसेल, पण कागदाला धरणार नाही. या चित्राला मागून खळीने कागद चिकटवायचा नाही. पाणी लागलं की शाई पळेल."

मी विचारलं, तेलाची शाई घेऊ का. त्यांनी कोपऱ्यात एक रेघ मारून पाहिली. "विग झाला," म्हणाल्या, आणि शिळ्याच शाईने चित्र पुरं केलं.

"माईंना सांगायला हवं," मी म्हटलं.

"सांगेन मी. आत्ता ती खुशीत आहे."

पुढच्याच आठवड्यात बाईंना पुन्हा दवाखान्यात नेलं. तिथून त्या घरी आल्या नाहीत.

परीक्षा संपल्यावर मी गिरगावात गेले. माईंनी दार उघडलं आणि आत जाऊन फ्रेम घेऊन आल्या. "बघ, करून आणली."

केसांतून काळं पाणी कपाळावर उतरलं होतं. तिथून डोळ्यांवर, खाली हनुवटीपर्यंत. कोऱ्या सोडलेल्या पांढऱ्या केसांचा पत्ता नव्हता. नाक तेवढं कळत होतं.

"फ्रेमवाल्याने मागून खळ लावली," माई म्हणाल्या. "मीच सांगितलं त्याला. बेबी सगळ्यांना सांगायची ना, मागे कागद लावल्याशिवाय चित्र उभं राहत नाही. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून तेच ऐकलं मी." मग माझ्याकडे बघून विचारलं, "काही चुकलं का गं?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही. मी सगळं सांगितलं. कांडी संपल्याचं, शाई शिळी झाल्याचं, पाणी लावायचं नव्हतं तेही.

"मग मला का नाही बोलली?"

"तुम्ही खुशीत होता म्हणून. त्याच म्हणाल्या."

"मी कसली खुशीत," माई म्हणाल्या. "तिचा हात चालतोय तोवर ती आहे, असं वाटायचं मला. म्हणून बसत होते."

मग फ्रेम मांडीवर घेऊन त्यांनी पदराने काच पुसायला सुरुवात केली. आधी कपाळापाशी, मग डोळ्यांपाशी. काळं काचेच्या आत होतं. त्यांना ते माहीत होतं. तरी त्या पुसत राहिल्या.