मुगात नापास

आज सकाळी वहिनी गेली.
मी ढ नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिने सांगितलं होतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. डोंबिवलीत एक खोली. दादा, वहिनी आणि मी.

मॅट्रिकला गणितात दोनदा उडालेलो. कल्याणजवळच्या एका कारखान्यात भरती निघाली, पण आधी गणिताची टेस्ट.

माझे कान तिखट. पडद्याआडून दादाचं ऐकलं, "या वेळी फेल झाला तर गावी धाडतो. भात लावेल."
"आधी पेपर तर देऊ दे," वहिनी म्हणाली.

त्या रात्रीपासून मी पाढे घोकायला लागलो.

शेजाऱ्याने मागच्या टेस्टचा पेपर आणून दिला. मी सोडवला, सातवीची फायनल पास झालेल्या वहिनीने तपासला. निम्मी गणितं चूक.

ती तांदूळ निवडत होती. "भाऊजी, आता सोडवू नका. कुठल्या गणिताला काय काय यावं लागतं, तेवढंच सांगा."

मी सांगत गेलो, ती पेपरावर दाणे ठेवत गेली. गुणाकाराला तांदूळ. भागाकाराला चवळी. भाग कशाचा घ्यायचा, हे ओळखायला मूग.

एका गणितावर खडा ठेवला. "हे मलाही येत नाही. सोडून द्यायचं. रडत बसायचं नाही."

मग चुकलेल्या गणितांवर बोट फिरवलं. खड्याचं सोडलं तर प्रत्येकावर मूग.

"तुम्ही गणितात नाही, मुगात नापास आहात."

दादा आला. "काय, पेपराची उसळ?"
"टेस्ट झाली की वाढते तुम्हाला."

टाकी दोन तृतीयांश भरली, त्यातलं पाव पाणी काढलं, उरलं किती? मी सरळ दोन तृतीयांशातून पाव वजा करायचो.
वहिनीने भाकरीचे तीन सारखे तुकडे केले, दोन ताटात ठेवले.
"पाव कशाचा? अख्ख्या भाकरीचा, की ताटातल्याचा?"
"ताटातल्याचा."
मी अर्धा तुकडा उचलला. उरली अर्धी भाकरी.

टेस्टला पेपर समोर आला. अक्षरं हलायला लागली.
पेन्सिल उचललीच नाही. आधी मनात दाणे ठेवले. एकावर खडा ठेवला आणि पुढे गेलो.

निकालापर्यंत गल्लीच्या तोंडाशी पोस्टमनची सायकल ऐकू आली की मी दारात जाऊन उभा राहायचो.

पास झालो. वहिनीने दादाला खरंच उसळ वाढली.

पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलं. कुणी "जमत नाही" म्हणालं की मी विचारायचो, "त्यातलं नक्की काय जमत नाही?"

आज मलाच सांगता येत नाहीये.

खडा ठेवलाय, वहिनी.
पण रडत बसायचं नाही म्हणालेलीस, तेवढं नाही जमत.

नीट जा.