सगळ्या जगाला, एक भाऊ सोडून

संशोधनात आकडे जमवायला जीव काढावा लागतो, किस्से आपोआप जमतात. चार वर्षांत आकडे बोरकर मॅडमच्या लॅपटॉपमध्ये गेले, किस्से माझ्याकडे राहिले. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या प्रोजेक्टचं काम साधं होतं. लांजीकडच्या एका गावात चाळीस घरांची शेतातली माती, धान आणि माणसांचं रक्त तपासायचं, आणि या तिन्हींचं एकमेकांशी काही नातं लागतं का ते पाहायचं. मॅडम प्रमुख. मी फील्ड असिस्टंट, म्हणजे खड्डे खणणारा.

* * *

पहिल्याच आठवड्यात मी आजारी पडलो, म्हणून लोकांनाच माती आणून द्यायला सांगितलं. एका काकूंची माती इतकी उत्तम निघाली की मॅडमनी आधी मशीन तपासून घेतलं. मग काकूंना विचारलं. त्यांनी तुळशीच्या कुंडीतली दिली होती. म्हणाल्या, "घरी पाहुने आले, त्याइले वावरातली ढेकळं देऊ का?"

* * *

नावं गुप्त राहावीत म्हणून प्रत्येक घराला नंबर दिला. यादी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. महिन्याभरात गावातली एक लग्नपत्रिका हाती आली. पत्त्यात ठळक छापलेलं: 'सर्व्हे नंबर सतरावाल्यांचं घर'! पाहुण्यांना सापडायला सोपं जातं म्हणे.

* * *

ऑफिसात एक मातीतज्ज्ञ सर होते. 'डेटा जगाचा असतो' या विषयावर तासभर बोलत. मॅडमनी त्यांच्याकडे जुने आकडे मागितले. तीन अर्ज झाल्यावर सरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या रकान्यावर त्यांचा पंजा पसरलेला होता.

* * *

मग खरी पंचाईत आली. एका जर्नलनं मॅडमचा पेपर छापायला घेतला, पण अट एकच. सगळे आकडे इंटरनेटवर खुले करायचे, आणि त्यासाठी चाळीसही घरांची सही हवी. एक राहिली तरी पेपर परत, चार वर्षं पाण्यात. मॅडमची झोपच उडाली.

एकोणचाळीस सह्या झाल्या. अडले केवलकाका. नाव दिसणार नाही, हे त्यांना पटेना, कारण नंबर अख्ख्या गावाला पाठ. "सगळ्या जगाले दाखवा," ते म्हणाले, "अमेरिकेले दाखवा. पन माया भावाले नाही."

भाऊ म्हणजे गणपतकाका. दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून नऊ वर्षं बोलणं बंद. मॅडमनी वेबसाइटवाल्यांना खरंच विचारलं. एक माणूस वगळून बाकी जग, अशी सोय त्यांच्याकडे नव्हती.

शेवटी केवलकाकांनीच तोड सुचवली. भाऊ हे आकडे बघणार नाही असं त्यानं लिहून द्यावं, मग आपण सही करू. आम्ही कागद घेऊन शेजारी गेलो. मला वाटलं, आता हे आम्हाला हाकलणार. गणपतकाकांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि मुकाट्यानं सही केली. पण कागद काही सोडेनात.

मग भिंतीकडे पाहून त्यांनी आवाज बारीक केला. "मी नाही पाहत, मॅडम. पन मागच्या साली त्याचं हिमोग्लोबिन आठ होतं, भिंतीतून आयकलं. आता वाढलं का?"