बॉनेटखालचा बाबू

रायपूरच्या गुढियारीत देवीदास मेश्रामचं गॅरेज होतं, म्हणजे एक कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली जमिनीत मुरलेलं ऑइल. तो हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा, दुसरं इंजिनावर फिरवायचा आणि डोळे मिटून रोगाचं नाव सांगायचा. आमच्या वनखात्याच्या, जंगलात फिरणाऱ्या डिझेल जीपा वीस वर्षं त्या कानावर चालल्या. मी खात्यातला कारकून, लोकांच्या भाषेत बाबू. कागदावर सही करायला कुणीतरी लागतं म्हणून मला गाडीबरोबर पाठवत.

मग रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं. ज्या बंगल्यातल्या कैऱ्या आम्ही पाडायचो, तिथे सचिव राहायला आले. पाच-सहा वर्षांनी आमच्याकडेही नवी फोर-बाय-फोर आली आणि महिनाभरात चढावर दमायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. साहेब म्हणाले, कंपनीच्या वर्कशॉपात पाठवू. देवीदासनं एक दिवस मागून घेतला. ही गाडी गेली की तिच्यामागून जीपाही जाणार, हे त्याला कळत होतं.

त्यानं बॉनेट उघडलं आणि मी माहितीपुस्तक वाचून दाखवलं. पायाखालच्या पेडलला केबल नाही, नुसती वायर. पाण्याची गरमी, हवेचा दाब, इंजिनाचे फेरे, प्रत्येकावर एकेक सेन्सर. ते सगळे एका डब्याला खबर देतात, आणि डिझेल किती, केव्हा सोडायचं ते डबा ठरवतो. खबर वाईट आली की इंजिन सांभाळायला तो डिझेलच आखडतो.

"म्हणजे बाबू बसवला म्हना," देवीदास म्हणाला. "कागद पुरा नसला का काम अडवते."

एवढं समजूनही हात सवयीनंच चालला. चालू गाडीत त्यानं बॅटरीची तार काढली. जुन्या डिझेलला एकदा सुरू झाल्यावर बॅटरी लागतच नसे. तार काढूनही चालली तर डायनामो ठीक, ही साऱ्या गुढियारीची परीक्षा. ही गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. दिवाही विझला. क्षणभर देवीदास खूश. मग चावी फिरवत बसला. डायनामोचा झटका डब्यात गेला होता. बाबू कायमचा रजेवर.

ड्रायव्हर यशदीप म्हणाला, रस्त्यात बंद पडली म्हणू, कौन देखता है. मीही मान हलवली, खोटं कशाला सांगू. देवीदास मात्र हात पुसत थेट साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, डबा माझ्या हातानं गेला. ड्रायव्हरचा कसूर नाही."

 साहेब म्हणाले, गाडीबरोबर वर्कशॉपात जा आणि नवा डबा बसेपर्यंत उभं राहून बघ.

डबा बसला आणि पिवळा दिवा पुन्हा लागला. तिथल्या इंजिनिअर मोनाली दीदींच्या लॅपटॉपवर हवेचा दाब कमी दिसत होता. त्या सेन्सर बदलायला निघाल्या. देवीदासनं आधी परवानगी विचारली, मग नळी कानाला लावली आणि इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या पाइपाखाली थांबला. तिथे बोटभर चीर होती.

"दीदी, बाबू खोटं नाही बोलून राहिला. हवा खरंच इथून चालली."

जीपा त्याच्याकडेच राहिल्या. नव्या गाडीला मोनाली दीदी लॅपटॉप लावत आणि त्यालाही बोलावून घेत. पण त्या दिवसानंतर, ज्यात डबा-बिबा काही नाही अशी जुनाट जीप आली, तरी बॅटरीला हात लावण्याआधी देवीदास इंजिन बंद करायचा आणि बॉनेटकडे बघून अदबीनं विचारायचा, "बाबूजी, आज्ञा हाय का?"

मी सहीचा कागद पुढे करायचो.