खांद्यावरचा हात

आम्हा सर्वांचे अण्णा, म्हणजे श्री. जनार्दन विशे, यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथासाठी लिहायला बसताना मन प्रसन्न असावे, अशी अपेक्षा असते. माझ्या मनात मात्र येत्या रविवारची मुरबाडची चिखलातली जीपशर्यत घोळते आहे. अण्णा तिथे येणार म्हणजे येणारच.

त्यांची माझी पहिली ओळखही अशाच एका शर्यतीतली. अण्णा तेव्हा भातसानगरला धरणावर नोकरीला होते आणि सुटी मिळाली की किन्हवलीच्या घरून कॅमेरा घेऊन निघत. त्यांची टेली लेन्स भरल्या कळशीसारखी जड. पुढची काच मोठी, त्यामुळे रानातल्या अपुऱ्या उजेडातही उडता पक्षी स्वच्छ टिपता येई आणि उसळलेल्या चिखलाचा थेंबन्‌थेंब दिसे. गावकरी तिला तोफ म्हणत. मी नवशिका, वळणावर त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. नाव विचारण्याआधी त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

"या काचेतून समोरचं सोडून काय दिसत नाय. तू बाजूचं बघ. हात दाबलास की मी मागं सरकेन. का, ते विचारायचं नाय."

हीच अण्णांची पद्धत. आमच्या छायाचित्रकार मंडळात आजही कोणी एकटा लेन्सला डोळा लावत नाही.

उंबरमाळीच्या रानात एकदा ते सर्पगरुडासाठी सकाळभर बसून होते. गरुड अखेर साप घेऊन समोरच्या फांदीवर उतरला आणि नेमकी तेव्हाच डावीकडच्या झाडीतून पिल्लांसह रानडुकरीण बाहेर आली. मी खांदा दाबला. अण्णांनी फोटोचा मोह केला नाही, लेन्स पोटाशी धरून निमूट मागे सरकले. घरी पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, त्यांनी गरुड हुकल्याचे सांगितले, डुकरिणीचे सोयीस्करपणे विसरले.

शर्यत जिंकणाऱ्याचा फोटो सगळेच काढतात. अण्णा रुतलेल्यांचेही काढत आणि छापून घरपोच देत. किन्हवलीच्या एका घरात चिखलात अर्धी बुडालेली जीप फ्रेम करून लावलेली आहे आणि घरमालक ती पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवतात.

गेल्या पावसाळ्यातली शर्यत मात्र मला आठवूही नये असे वाटते. वळणावर एक जीप आडवी होऊन आमच्याकडे घसरत आली. मी खांदा दाबला. अण्णा हलले नाहीत. पुन्हा दाबला, मग दोन्ही हातांनी ओढले. आम्ही दोघे बांधापलीकडे पडलो आणि ते उभे होते त्या जागेवरून जीप गेली. लेन्स छातीशी धरून पडल्यापडल्याच अण्णा म्हणाले, "हात कळला रे. पाय नाय हलले."



काकूंना हे सांगणे भाग होते. त्या रागावल्या नाहीत. अण्णांना घरी बसवले तर ते आजारीच पडतील, असे म्हणाल्या आणि हळूच पुढे बोलल्या, "आधी तुमी बरोबर असलात की मला घोर नसायचा. आता असतो."

आता पुरे, असे अण्णांना सांगायचेच, हे ठरवून मी एकदा त्यांच्याकडे गेलो. ते ओटीवर लेन्स पुसत बसले होते. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "आता तू बघ. मी मागं उभा राहतो."

तेव्हापासून आमच्या जागा बदलल्या आहेत. आम्ही बांधाच्या मागे, लांब उभे राहतो. काचेतून मी बघतो आणि माझ्या खांद्यावर अण्णांचा हात असतो. पण तो हात आता थरथरतो. थरथर कोणती आणि इशारा कोणता, हे मला कळत नाही. म्हणून हात हलला की मी मागे सरकतो आणि अण्णांनाही सोबत सरकवतो. असे कितीतरी फोटो हुकले. एकदा न राहवून मी विचारलेच, "अण्णा, आत्ता दाबला होतात का?"

"विचारायचं नाय, असं ठरलंय ना आपलं?" अण्णा म्हणाले.

अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हीच आपणा सर्वांची इच्छा. रविवारीही फोटो हुकतील. खुशाल हुकोत. खांद्यावरचा तो हात तेवढा असाच थरथरत राहो.